कवि विल्यम कूपर व त्यांचा जानेवारी महिना



नाताळाचा सण आटोपतो, मंदिरांतील रंगीत पताका उतरविल्या जातात, कापसाचा शेवटला वेंचा घरांत येऊन पडतो, आणि मग आमच्या वणी भागांतील खेड्यापाड्यांवर एक प्रकारची सामसूम पसरते. कर्जाचा हिशेब ह्याच दिवसांत समोर येऊन उभा राहतो. ह्याच दिवसांत मंडळींतील कांहीं माणसें उपासनेस येईनाशीं होतात. कोणाचें असें पावसाळ्यांत होतें. झड लागून आठ आठ दिवस सूर्याचें दर्शन नसलें म्हणजे तीं माणसें घोंगडी पांघरून कोपऱ्यांत बसतात, चूल पेटली काय आणि न पेटली काय, त्यांस सारखेंच. शेजारीपाजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. आम्ही उपदेशक लोक म्हणतों, विश्वास थंड झाला.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही अशाच एका बंधूच्या घरीं गेलों. नाताळ झाल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. आणि त्याच्या घरधनिणीनें सांगितलें कीं, हें लागोपाठ तिसरें वर्ष, होळीच्या सुमारास तो आपोआप उठून कामास लागतो. आम्हीं खाटेपाशीं बसून त्यास अविश्वासाविषयीं चांगला अर्धा तास बोध केला, प्रभूमध्यें सर्वदा आनंद करावा ही आज्ञा त्यास दाखविली, आणि प्रार्थना करून निघालों. तो एक शब्दहि बोलला नाहीं. पुढील रविवारीं तो आला नाहीं, आणि जी बाई आजवर एकहि रविवार चुकली नव्हती तीहि आली नाहीं. आपलें कांहीं चुकलें असें तेव्हां आम्हांस वाटलें नाहीं. तें पुढें विल्यम कूपर ह्यांचें चरित्र वाचतांना वाटलें, म्हणून तें चरित्र आज वाचकांपुढें मांडीत आहों.

कूपर हे इंग्लंडांतील अठराव्या शतकाचे एक थोर ख्रिस्ती कवि. त्यांचें नांव इंग्रजींत लिहितात एक आणि उच्चारितात दुसरें, त्यामुळें आमच्याकडे कोणी त्यांस कौपर म्हणतात. पण कूपर हाच उच्चार खरा. त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १७३१ रोजीं बर्कहॅम्स्टेड ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. सात भावंडांपैकीं विल्यम व त्याचा धाकटा भाऊ जॉन हे दोघेच जगले, आणि १७३७ सालीं ह्या जॉनच्या जन्माच्या वेळींच त्यांची आई वारली. विल्यम तेव्हां पुरता सहा वर्षांचाहि नव्हता. लगेच त्यास दूरच्या वसतिशाळेंत धाडण्यांत आलें. तेथें पंधरा वर्षांचा एक दांडगा मुलगा त्यास इतका छळी कीं, वर मान करून त्याच्या तोंडाकडे पाहण्याची विल्यमची छाती होत नसे. त्या मुलास तो त्याच्या जोड्यांच्या बकलांवरून ओळखी, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या घरीं आईवांचून पोरकीं झालेलीं लेंकरें आहेत, किंवा ज्यांचीं मुलें वसतिगृहांत आहेत, त्यांनीं ही जोड्यांची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पुढें लंडन येथील प्रसिद्ध वेस्टमिन्स्टर शाळेंत त्यांचें शिक्षण झालें, आणि १७५४ सालीं ते वकील झाले. वकिलींत त्यांचें मन रमलें नाहीं. वकिलीच्या अभ्यासासाठीं एकटे राहूं लागले तेव्हांच, म्हणजे वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षीं, त्यांस खिन्नतेचा पहिला झटका आला. चुलत्याची कन्या थिओडोरा हिच्यावर त्यांचें प्रेम होतें, परंतु चुलत्यांनीं त्या विवाहास संमति दिली नाहीं. ती बाई जन्मभर अविवाहित राहिली. पुष्कळ वर्षांनीं कूपर ह्यांस निनांवी देणग्या येऊं लागल्या, त्या तिच्याच असाव्यात असें चरित्रकार मानितात.

१७६३ सालीं कूपर एकतीस वर्षांचे असतां, त्यांच्या एका आप्तानें त्यांस पार्लमेंटच्या वरिष्ठ सभेंत दप्तर राखण्याची एक सुखाची जागा देऊं केली. परंतु त्या जागेविषयीं तंटा उत्पन्न झाला, आणि सर्व सभेसमोर उभें राहून परीक्षा द्यावी लागेल असें ठरलें. ज्या मनुष्यास चार लोकांत बोलण्याचीहि धास्ती, त्याच्यावर हा डोंगरच कोसळला. महिन्यामागून महिने तो दिवस जवळ येत गेला, झोंप गेली, विचारांचा गोंधळ झाला, आणि शेवटीं त्यांनीं आपला प्राण आपणच घेण्याचा यत्न केला. देवाच्या दयेनें तो सिद्धीस गेला नाहीं. ही गोष्ट आम्ही झांकीत नाहीं, कारण कूपर ह्यांनीं स्वतः ती झांकिली नाहीं. आपल्या खेड्यांत असें कांहीं घडल्यास पोलिसांच्या भयानें तें लपविण्यांत येतें, आणि रोगी उपचारावांचून राहतो. तरी वाचकांस कळावें कीं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा यत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें धरिलें जातें. तसें नव्हतें असें सिद्ध झाल्यावांचून त्यास शिक्षा होत नाहीं, आणि त्याची काळजी व उपचार करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे.

त्याच डिसेंबरांत त्यांच्या भावानें त्यांस सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नथॅनिएल कॉटन ह्यांच्या रुग्णगृहांत नेऊन ठेविलें. त्या काळीं वेड्यांस सांखळदंडांत जखडून ठेवीत, फटके मारीत, आणि लोक पैसे देऊन त्यांची गंमत पाहावयास जात. डॉक्टर कॉटन तसे नव्हते. ते स्वतः कवि, भाविक आणि सौम्य स्वभावाचे होते. त्यांनीं औषध दिलें, बागेंत फिरूं दिलें, आणि रोग्याशीं मित्राप्रमाणें बोलत गेले. असे सात महिने गेल्यावर, १७६४ च्या जुलैमध्यें कूपर बागेंतून फिरत असतां त्यांस एका बांकावर पवित्र शास्त्र पडलेलें दिसलें. तें उघडून त्यांनीं लाजाराच्या उठविण्याची कथा वाचली आणि प्रभूच्या कनवाळूपणानें त्यांचें मन द्रवलें. मग कांहीं दिवसांनीं रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांतील पंचविसावें वचन त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि ख्रिस्ताच्या रक्तानें आपल्या पापांचें प्रायश्चित्त झालें आहे असा भरंवसा त्यांस प्राप्त झाला. बागेंतील शास्त्राची ही कथा आपल्या मंदिरांत सांगतात ती बहुधा एवढीच. त्यापूर्वींचे सात महिने, वैद्याची शुश्रूषा आणि बागेंतील ऊन हीं तींतून गळून जातात.

१७६५ च्या जूनमध्यें ते तेथून निघाले व हंटिंगडन ह्या गांवीं आले. तेथें अन्विन नांवाच्या एका पाळकाच्या कुटुंबाशीं त्यांचा स्नेह जमला आणि ते त्यांच्याच घरीं राहूं लागले. १७६७ सालीं अन्विनसाहेब घोड्यावरून पडून वारले. त्यांची विधवा मेरी अन्विन ह्या बाईंनीं कूपर ह्यांस सोडलें नाहीं. आई गेल्याला तीस वर्षें झालीं होतीं; ह्या बाईंच्या रूपानें देवानें जणूं ती परत दिली. बाई वयानें त्यांच्याहून केवळ सात वर्षांनीं वडील होत्या, त्यामुळें लोकांनीं नाना तऱ्हेच्या कुजबुजी केल्या. पण पुढें एकोणतीस वर्षें त्या बाईंनीं जी सेवा केली, तिच्यावांचून कूपर जगले असते असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच वर्षीं हीं मंडळी ओल्नी ह्या गांवीं राहावयास गेली. औझ नदीच्या कांठचें हें गरीब गांव. घरोघरीं बायकामुलें लेस विणून पोट भरीत. तेथील पाळक जॉन न्यूटन हे पूर्वीं गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते आणि आतां ख्रिस्ताचे दास झाले होते. न्यूटनसाहेब आणि कूपर ह्यांची मैत्री अशी जमली कीं, दोघांच्या घरांमधील एका बागेंतून येण्याजाण्याची वाट पडली. कूपर त्यांच्यासमवेत आजाऱ्यांच्या घरीं जात, गरिबांच्या प्रार्थनासभेंत प्रार्थना करीत. चार लोकांत बोलण्यास भिणारा हा मनुष्य लेस विणणाऱ्या बायांपुढें गुडघे टेंकून मोकळेपणानें बोलूं लागला. आठवड्याच्या सभेसाठीं दोघे मिळून गीतें रचूं लागले. १७७९ सालीं ओल्नीच्या गीतांचें पुस्तक निघालें. त्यांतील ३४८ गीतांपैकीं सुमारें ६७ कूपर ह्यांचीं आहेत. देवाच्या गूढ मार्गांविषयींचें आणि इम्मानुएलाच्या रक्ताच्या झऱ्याविषयींचें, हीं त्यांतील दोन गीतें आज जगभर गाइलीं जातात.

परंतु तें पुस्तक निघालें तेव्हां कूपर ह्यांनीं सभेंत जाणें सोडून सहा वर्षें झालीं होतीं. १७७० सालीं भाऊ जॉन वारला होता. १७७३ च्या जानेवारी महिन्याच्या आरंभींच त्यांच्यावर पुन्हां अंधार पसरला. पुढील महिन्यांत त्यांस एक स्वप्न पडलें, आणि देवानें आपल्याला टाकिलें आहे, आपणांस तारण नाहीं, असा त्यांचा पक्का ग्रह झाला. हा ग्रह मरेपर्यंत गेला नाहीं. इतर लोकांच्या तारणाविषयीं त्यांस तिळभरहि शंका नव्हती. शास्त्रांतील प्रत्येक वचन त्यांस खरें वाटे. फक्त तें आपल्यासाठीं नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. ते पुन्हां कधीं उपासनामंदिरांत गेले नाहींत. भोजनापूर्वीं घरचीं माणसें आभार मानीत तेव्हां ते खालीं बसून राहत, कारण प्रार्थनेंत भाग घेण्याचा अधिकार आपणांस उरला नाहीं असें त्यांस वाटे.

आतां न्यूटनसाहेबांनीं काय केलें तें पाहावें. एप्रिल महिन्यांत कूपर एके दिवशीं त्यांच्या घरीं आले आणि परत जावयास तयार होईनात. न्यूटनसाहेबांनीं त्यांस व अन्विनबाईंस तेरा महिने आपल्या घरीं ठेवून घेतलें. घर लहान होतें, मिळकत बेताची होती, आणि रोगी मनुष्य रात्रंदिवस रडे. बोध करून पाहिला, वाद करून पाहिला, उपयोग झाला नाहीं. तरी घराबाहेर काढिलें नाहीं. कांहीं लेखक म्हणतात कीं, न्यूटनसाहेबांच्या कडक उपदेशानेंच कूपर वेडे झाले. हा आरोप आम्हांस न्याय्य वाटत नाहीं, कारण न्यूटनसाहेबांची भेट होण्यापूर्वींच दोन झटके येऊन गेले होते. तथापि एवढें खरें कीं, मोडलेल्या मनाच्या मनुष्यास रोज आपलें अंतःकरण तपासावयास लावणें हें मोडलेल्या पायावर चालावयास लावण्यासारखें आहे, आणि त्या काळच्या भक्तिमार्गांत ही तपासणी फार होती. आमच्याहि मार्गांत आहे.

१७७४ सालीं ते आपल्या घरीं परतले, आणि येथून पुढची हकीकत आम्हांस सर्वांत प्रिय आहे. शेजारच्या मुलांनीं एक सशाचें पिल्लूं आणून दिलें. कूपर त्यास खावयास घालूं लागले. बातमी पसरतांच गांवचे लोक इतके ससे आणूं लागले कीं पुरे म्हणावें लागलें. त्यांनीं तीन ठेविले. पुस, टायनी आणि बेस अशीं त्यांचीं नांवें, आणि तिघेहि नर. कूपर ह्यांनीं स्वतः करवत-रंधा हातीं घेऊन त्यांस पेट्या करून दिल्या. सायंकाळीं दिवाणखान्यांत सोडिले म्हणजे ते गालिच्यावर उड्या मारीत. पुस आजारी पडला तेव्हां कूपर ह्यांनीं त्याची शुश्रूषा केली, आणि बरा झाल्यावर त्यानें त्यांचा हात चाटून चाटून आभार मानिले, असें ते लिहितात. टायनी मात्र शेवटपर्यंत रागीटच राहिला. पुस जवळजवळ बारा वर्षें जगला. सशास हें आयुष्य फार मोठें. सशांमागून बाग आली. कांचेचें लहानसें घर करून त्यांत काकड्या, खरबुजें व फुलझाडें लाविलीं. मग चित्रें काढूं लागले. शेवटीं अन्विनबाईंनीं आग्रह केला कीं, आतां कविता लिहा. आणि वयाच्या पन्नाशीजवळ हे खऱ्या अर्थानें कवि झाले. त्यांचें पहिलें काव्यपुस्तक १७८२ सालीं निघालें. त्याच वर्षीं एका सायंकाळीं ते फार उदास असतां ऑस्टिनबाई नांवाच्या स्नेहिणीनें त्यांस एका कापडव्यापाऱ्याची घोडा उधळल्याची गमतीची गोष्ट सांगितली. ते इतके हंसले कीं झोंप येईना, आणि सकाळीं उठून त्यांनीं त्या गोष्टीचें जॉन गिल्पिन नांवाचें गीत करून टाकिलें. सर्व इंग्लंड तें वाचून हंसलें. १७८५ सालीं त्यांचें मोठें काव्य द टास्क प्रसिद्ध झालें, आणि १७८८ सालीं त्यांनीं गुलामगिरीच्या विरुद्ध गीतें लिहून दिलीं, तीं हजारोंच्या हातीं गेलीं. आपणांस टाकिलेलें समजणारा हा मनुष्य दुसऱ्यांच्या बेड्यांविषयीं स्वस्थ बसला नाहीं.

ह्या सर्व काळांत एक गोष्ट ठरलेली असे. दिवस लहान होऊं लागले म्हणजे कूपर ह्यांच्या पत्रांत भय दिसूं लागे, आणि जानेवारी महिना तर त्यांस शत्रूसारखा वाटे. १७७३ चा मोठा झटका जानेवारींतला. अन्विनबाईंचा मुलगा, जो त्यांचा जिवलग मित्र होता, तो वारल्यावर १७८७ च्या जानेवारींत पुन्हां आला आणि सहा महिने राहिला. १७९४ च्या जानेवारींत शेवटचा आला. ते हिवाळ्याकडे, वाट ठाऊक असलेल्या पण जमीन पोकळ असलेल्या रानाकडे पाहावें तसे पाहत.

त्या काळीं वैद्यांस ह्याचा उलगडा नव्हता. १९८४ सालीं अमेरिकेंत डॉक्टर नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सोबत्यांनीं ह्या ऋतूप्रमाणें येणाऱ्या खिन्नतेचें वर्णन प्रसिद्ध केलें. थंडीच्या दिवसांत सूर्यप्रकाश कमी झाला म्हणजे कित्येकांच्या शरीरांतील झोंपेजागेचें घड्याळ बिघडतें. मनुष्य फार झोंपतो, फार खातो, कामांत मन लागत नाहीं, आणि वसंत आला म्हणजे बरा होतो. थोड्या जणांचें उलट उन्हाळ्यांत होतें. अशा रोग्यास सकाळीं सुमारें अर्धा तास एका प्रखर दिव्यासमोर बसवितात. बोलून मन मोकळें करवितात. गरज पडल्यास औषध देतात. ओल्नी येथें डिसेंबरांतील दिवस आठ तासांहूनहि कमी असतो. आमच्या वणीस सर्वांत लहान दिवसहि सुमारें अकरा तासांचा आहे, म्हणून केवळ उजेडाच्या टंचाईनें होणारा रोग आमच्याकडे कमी असावा. कूपर ह्यांचा रोगहि केवळ उजेडाचा नव्हता. आईचें मरण, शाळेंतील छळ, रक्तांतील प्रवृत्ति, हें सर्व त्यांत होतें. तसेंच आमच्या त्या बंधूच्या खिन्नतेंत कर्ज होतें, कापसाचा भाव होता, आणि मागें एका जानेवारींत गेलेलें लेंकरूं होतें. हें तिसरें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण आम्हीं विचारिलें नव्हतें.

पुढच्या वर्षीं आम्ही त्याच्याकडे नाताळापूर्वींच गेलों. ह्या वेळीं शास्त्र पिशवींतच ठेविलें. खाट अंगणांत उन्हांत ओढली आणि बसून राहिलों. एलिया झुडुपाखालीं मरण मागत असतां देवदूतानें त्यास प्रथम भाकर व पाणी दिलें आणि निजूं दिलें, बोध पुष्कळ मागाहून झाला, हें त्या अंगणांत आम्हांस आठवलें. त्याच्या शेळ्यांचा गोठा मोडला होता. दोघांनीं मिळून दोन सकाळीं तो नीट केला. मग त्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलें. गोळ्या घेणें म्हणजे विश्वास सोडणें असें त्यास वाटे. तेव्हां तापांत गोळी घेतोस कीं नाहीं, एवढेंच आम्हीं विचारिलें. डॉक्टरांनीं बजावलें आहे कीं, बरें वाटलें म्हणून गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. ज्या उपदेशकांस यवतमाळ दूर पडतें त्यांनीं १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लिहून ठेवावा. २०२२ पासून तो चालूं आहे, रात्रीं-अपरात्रींहि तेथें मनुष्य बोलतो, पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. कोणी मरणाची भाषा बोलूं लागला तर त्यास एकटें सोडूं नये. रात्र असली तरी त्याच्यापाशीं कोणी बसावें. गेल्या जानेवारींत आमचा तो बंधु चार रविवारांपैकीं दोन रविवार आला. मागच्या बांकावर बसला व गाइला नाहीं.

ओल्नीविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कूपर तेथें सशांस पेट्या करीत होते त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १७८६ सालीं, त्याच गांवच्या बाप्तिस्त मंडळीनें विल्यम केरी नांवाच्या एका चांभारकाम करणाऱ्या तरुणास उपदेशाच्या कामासाठीं निवडिलें. त्या केरीसाहेबांनींच पुढें बंगालांतील सेरामपूर येथें पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्यानें मराठी नवा करार छापिला, तो १८११ सालीं. आणि त्याच केरीसाहेबांच्या पत्नी डोरोथीबाई बंगालांत लेंकरूं गमावल्यावर बारा वर्षें मनाच्या रोगानें ग्रासून १८०७ सालीं वारल्या. त्यांचें नांव आपल्या मंदिरांत कोणी घेत नाहीं.

कूपर ह्यांचीं शेवटलीं वर्षें फार कष्टाचीं गेलीं. १७९१ च्या डिसेंबरांत अन्विनबाईंस पक्षाघात झाला, पुढील वर्षीं पुन्हां झाला. ज्या बाईंनीं त्यांस सांभाळिलें, त्यांस आतां ते हात धरून चालवूं लागले, घांस भरवूं लागले. १७९५ सालीं आईकडील नात्याचा जॉन जॉन्सन नांवाचा एक तरुण पाळक दोघांसहि नॉर्फक परगण्यांत घेऊन गेला. तेथें ईस्ट डिअरहॅम गांवीं १७९६ च्या डिसेंबरांत बाई वारल्या. त्यानंतर कूपर ह्यांनीं त्यांचें नांव पुन्हां उच्चारिलें नाहीं. १७९९ सालीं त्यांनीं समुद्रांत पडलेल्या व जहाजानें मागें टाकिलेल्या एका खलाशावर एक कविता लिहिली. ती वाचणाऱ्यास खलाशी कोण हें सांगावें लागत नाहीं. जॉन्सन जवळ बसून त्यांस पुस्तकें वाचून दाखवी, फिरावयास नेई, आणि तारणाची आशा पुन्हां पुन्हां बोलून दाखवी. पण त्यांनीं ती कधीं स्वीकारिली नाहीं. २५ एप्रिल १८०० रोजीं, हिवाळा सरून गेल्यावर, ते वारले.

जॉन्सननें लिहून ठेविलें आहे कीं, मरणानंतर त्यांच्या मुखावर शांति होती, आणि तिच्यांत जणूं पवित्र आश्चर्य मिसळलें होतें. लंडनमध्यें वृद्ध न्यूटनसाहेबांनीं त्यांच्यासाठीं मृत्युपर उपदेश केला; आपला मित्र प्रभूपाशीं आहे ह्याविषयीं त्यांस शंका नव्हती. सत्तावीस वर्षें ज्या मंदिराची पायरी कूपर चढले नाहींत, त्या मंदिरांत आज त्यांचीं गीतें गातात. त्यांचें ओल्नीचें घर १९०० सालापासून संग्रहालय झालें आहे. ईस्ट डिअरहॅमच्या ज्या मंदिरांत मेरी अन्विन ह्यांस पुरलें होतें, त्याच मंदिरांत कूपर ह्यांसहि पुरलें.